प्रार्थनेच्या यादीतलं नाव

प्रिय ईशा आणि नोएल,

गेल्या रविवारी फोनवर ईशाने मला विचारलं, "आजी, तुमच्या चर्चचं मुलींचं होम आहे ना, त्यावर मला वर्गात बोलायचंय. तिथल्या एका मुलीची गोष्ट सांग ना. नाव पण सांग. आणि फोटो असेल तर पाठव." मी म्हटलं, "आवाज तुटतोय गं, नंतर बोलू." आवाज मुळीच तुटत नव्हता. नातीशी खोटं बोलले हे दोन दिवस मनाला लागून राहिलं. तिसऱ्या दिवशी जेवणाचं टेबल पुसलं, चष्मा पुसला आणि लिहायला बसले. ईशाला अक्षरं लावता येतात, ती सावकाश वाचेल. नोएलला मात्र आणखी काही वर्षांनी वाचायला द्या.

आजच का लिहिते, तर बाहेर मार्च महिना आहे, आणि समोरच्या रस्त्याने मुलं पॅड काखेत धरून दहावीच्या पेपरला चालली आहेत.

रत्नागिरीचा मार्च तुम्हाला आठवत नसेल. तो नाकाने ओळखायचा. काजूची बोंडं पिकून कुंपणाशी पडतात आणि दुपारी तिथे एक आंबूस-गोड वास साचून राहतो. चिऱ्याच्या भिंती दहा वाजताच तापतात. कातळावरचं गवत वाळून गेलेलं असतं. चार वाजता मांडवीच्या समुद्राकडून वारा सुटेपर्यंत माणसं एकमेकांशी तुटक बोलतात. कुठल्यातरी वाडीत शिमग्याचे ढोल वाजत असतात, पालखी घरोघर फिरत असते, आणि त्याच आवाजात कोणाच्यातरी पडवीत एखादं पोर कानात बोटं घालून भूमितीचं प्रमेय घोकत असतं. मी छत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. मार्च म्हटलं की मला आंबा आठवायच्या आधी पुरवण्या बांधायचा पांढरा दोरा आठवतो.

आता दोऱ्याच्या आधी दुसरंच काही आठवतं.

होम म्हणजे आमच्या मिशन कंपाउंडमधला मागचा बंगला. पूर्वी तिथे मिशनच्या मडमा राहायच्या, नंतर बरीच वर्षं वटवाघळं. आमच्या मंडळीने, म्हणजे चर्चच्या लोकांनी, तो दुरुस्त केला, कारण बालकल्याण समितीला काही मुलींसाठी सुरक्षित जागा हवी होती. कोणत्या मुली, हे ईशा, तुला आता सांगायला हरकत नाही. ज्यांना ओळखीच्याच कोणीतरी कामाला लावतो, लग्न जमवतो म्हणून शहरात नेलं आणि तिथे विकलं. ज्यांच्या देहाचा दुसऱ्यांनी धंदा केला. तिथून सोडवून आणल्यावर त्यांना घरी पाठवता येत नाही, कारण पुष्कळदा घरातूनच त्यांना नेलेलं असतं.

मंडळीत सगळेच काही देवदूत नव्हते. पहिल्या बैठकीत एक बाई उभी राहून म्हणाली, "आमच्या मुली संडे स्कूलला ह्या मुलींच्या शेजारी बसणार का?" आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, शांत माणूस. ते म्हणाले, "बसतील की. नाहीतर असं करू, मी त्यांच्या शेजारी बसतो, उपदेश तुम्ही करा." सगळे हसले. ती बाईही हसली, आणि पुढे तिनेच दर शुक्रवारी होमला सोलकढी आणि भात द्यायला सुरुवात केली. कोणी शिवण शिकवायचं, कोणी नुसतं केस विंचरून द्यायचं. माझ्याकडे मंगळवार आला. मंगळवारी इंग्रजी.

त्या मुलीला मी इथे रेवा म्हणेन. हे तिचं नाव नाही. ती सतरा वर्षांची होती, घाटावरची. सातवीत शाळा सुटलेली. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसायचं तिने स्वतःच ठरवलं. होममध्ये मुलींबरोबर राहणाऱ्या आमच्या मार्थाताई सावर्ड्याकडच्या, बोलायला फटकळ. त्या म्हणाल्या, "अगो, गणिताचं काय करशील?" रेवा म्हणाली, "करीन की. तुमचा हिशेब मीच तर करती, तुमी दर येळी चुकता."

आमचं कोकणी बोलणं तिला फार गमतीचं वाटायचं. "बाई, इंग्रजीत गो म्हंजी जा. आनि ह्या मार्थाताई 'ये गो, ये गो' म्हनत्यात. मी येऊ का जाऊ?" आणि स्वतःच हसायची. तिचं हसणं अर्धवट असायचं. हसता हसता तोंडावर हात यायचा आणि डोळे दाराकडे जायचे. वर्गात ती नेहमी भिंतीला पाठ लावून बसायची. मी कधी विचारलं नाही. मार्थाताईंनी पहिल्याच दिवशी मला तीन नियम सांगितले होते. मागचं विचारायचं नाही. नाव बाहेर सांगायचं नाही. फोटो काढायचा नाही. मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून खाली रेघ मारली होती. तुमची आजी किती व्यवस्थित आहे हे तुम्हाला माहीतच आहे. आजोबा म्हणायचे, "स्वर्गाच्या दारावर राखण करणाऱ्या संत पेत्राला हजेरी घ्यायला माणूस लागलं, तर हिला आधी बोलावतील."

त्या वर्षीच तुम्ही परदेशात गेलात. नोएल तेव्हा रांगत होता. घरात एकदम इतकी शांतता झाली की मी मंगळवारबरोबर गुरुवारही घेतला. हे सांगते, कारण त्या मुलीत माझा जीव गुंतला तो असा. रिकाम्या घरातून उठून मी तिथे जायचे आणि ती दारातच विचारायची, "बाई, आज पत्रलेखन का उतारा?"

आमच्या मंडळीत एक जुनी पद्धत आहे. तुमच्या बाबांच्या वेळीही होती. दहावीची परीक्षा सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी उपासनेत परीक्षेला बसणाऱ्या मुलांची नावं वाचतात. मूल पुढे येतं, पाळक डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. मग ती यादी दरवाज्याजवळच्या फळ्यावर लागते आणि एकेक कुटुंब एकेक नाव घेतं. त्या मुलाचा पेपर चालू असेल तितका वेळ त्या घरात कोणीतरी त्याच्यासाठी प्रार्थना करतं. यादीत मुलाचं पूर्ण नाव असतं, आणि परीक्षेचं केंद्र. केंद्र कशाला, तर पेपर संपायच्या वेळी जवळच्या कोणीतरी सरबत घेऊन फाटकाशी उभं राहावं म्हणून. ही यादी तीस वर्षं मी करत होते, चर्चची सेक्रेटरी म्हणून. तीस वर्षांत एक नाव राहिलं नव्हतं, एक वेलांटी चुकली नव्हती.

त्या गुरुवारी रेवाने उतारा बाजूला सारला आणि विचारलं, "बाई, माजं नाव पन वाचनार ना?"

मी म्हटलं, "तुझ्यासाठी प्रार्थना होणारच. पाळकसाहेब म्हणतील, 'आपली एक मुलगी.'"

"सगळ्यांची नावं, आनि मी एक मुलगी?"

ती वहीचा कोपरा दुमडत राहिली. मग म्हणाली, "तिकडं माजं नाव चारदा बदललं बाई. ज्याच्या मनाला येईल ते. शेवटी कुनी हाक मारली तर मला कळायचंच न्हाई की मला मारली. एकदा माजं खरं नाव कुनीतरी मोट्यानं घिऊ द्या की. सगळ्यांच्या म्होरं."

हे तिने सांगितलेलं एवढंच. त्याच्याआधी नाही, नंतर नाही.

मार्थाताईंना मी विचारलं. त्या म्हणाल्या, "नको गो बाय... नको काकू. तिचं मन मला कळतं. पण नाव भिंतीबाहेर गेलं की परत बोलावता येत नाही." मी म्हटलं, "आपलीच माणसं आहेत मार्था. देवाच्या घरातला कागद आहे." त्या गप्प राहिल्या. वयाने मी मोठी, शिवाय त्यांच्या दोन्ही मुलांना मी शिकवलेलं. त्यांच्या गप्प राहण्याला मी होकार समजले. खरं म्हणजे मी तो तसा समजायचं ठरवलं होतं.

शनिवारी संध्याकाळी मी यादी केली. अकरा नावं. सातव्या क्रमांकावर तिचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आणि परीक्षेचं केंद्र. सुवाच्य अक्षरात, पट्टी लावून.

तो रविवार मी विसरू शकत नाही आणि मला विसरायचाही नाही. पाळकसाहेबांनी नाव वाचलं. ती बायकांच्या बाकांवर, तिसऱ्या ओळीत बसली होती. ओढणी डोक्यावर घेऊन उठली. मधल्या वाटेने चालताना तिचा हात एकेका बाकाच्या कडेला लागत होता, जणू बाक आपल्या जागी आहेत ना हे ती बघत होती. प्रार्थना संपली आणि तिने मान वर केली, तेव्हा तोंडावर हात नव्हता, डोळे दाराकडे नव्हते. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "आडनावासकट घेतलं बाई! मागं बसलेल्या म्हातारबाबांना पन ऐकू गेलं आसंल." तिला बघून मीही फार खूश होते. चांगल्या कामाचा एक उजेड माणसाच्या तोंडावर येतो, तो त्या दिवशी माझ्या तोंडावर असणार.

फळ्यावरच्या यादीचा कोणीतरी फोटो काढला. कोणी, हे मी आजवर विचारलेलं नाही. प्रार्थना करणाऱ्या ग्रुपवर टाकला. तिथून तो मुंबईला कोणाच्या मुलीकडे गेला, तिथून कोणाच्या तरी सासरच्या मंडळीकडे, तिथून घाटावर. खाली सगळीकडे एकच ओळ, या लेकरांसाठी प्रार्थना करा. पाठवणारे सगळे खरोखर प्रार्थना करणारे होते. शेवटी कुठल्यातरी गावात कोणीतरी तो वाचला आणि म्हणालं, अरे, ही तर आपल्या अमक्याची.

इंग्रजीच्या पेपरला मीच केंद्रावर गेले. माझा विषय, माझी विद्यार्थिनी. कोकम सरबताची मोठी बाटली आणि स्टीलचे पेले घेऊन फाटकासमोरच्या वडाखाली उभी राहिले. आणखी पुष्कळ आया, आज्या होत्या. ऊन रणरणत होतं. थोड्या वेळाने एक बाई माझ्या शेजारी येऊन टेकली. चाळिशीची, नीटनेटकी, हातात नव्या कपड्यांची पिशवी. दमलेली दिसली. मी विचारलं, "लांबून आलात?"

"व्हय. रात्रीच्या गाडीनं. भाची हाय आत."

मी तिला सरबत दिलं. तिने एका दमात पेला संपवला, मी पुन्हा भरला. ती म्हणाली, "तुमची बी नात हाय का?"

"नातीसारखीच," मी म्हटलं. "फार हुशार आहे. दोन वर्षांत सगळा अभ्यास केला."

"कुटनं बाहेर सोडत्यात पोरांना?"

मी तिला फाटक दाखवलं. नुसतं मोठं नव्हे, बाजूचं लहानही दाखवलं. मुली त्या लहान फाटकाने येतात, असं सांगितलं. शिक्षिका होते ना, मला सगळं माहीत होतं.

मग मी विचारलं, "तुमची भाची कुठल्या शाळेची?"

"शाळा न्हाई. हितं चर्चच्या लोकांकडं ऱ्हाती," ती म्हणाली, आणि फोन काढून तिने मला एक फोटो दाखवला. माझं अक्षर. पट्टी लावून मारलेल्या रेघा. सातव्या ओळीवर तिने बोट ठेवलं होतं.

रेवाला मुंबईला कामाला म्हणून नेणारी तिची मामी होती, हे मला माहीत होतं. होमच्या कागदांत तेवढं होतं. त्या बाईचा चेहरा मात्र मी कधी पाहिला नव्हता. तो इतका साधा असेल असं मला वाटलं नव्हतं.

मी जरा बाजूला जाऊन मार्थाताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "तिला बोलण्यात गुंतवा काकू. मी निघाले." त्यांनी महिला पोलिसांनाही कळवलं. मी परत येऊन त्या बाईशेजारी उभी राहिले. पाऊसपाण्याबद्दल, गाड्यांच्या गर्दीबद्दल बोलले. ती म्हणाली, "पोरगी चिडून निघून गेली बघा आमच्यातनं. तिचा मामा लई रडतो." मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

घंटा झाली. मार्थाताई अजून पोचायच्या होत्या. लहान फाटकातून मुली येऊ लागल्या, आणि त्यांत ती. पेपर चांगला गेला होता हे मला लांबूनच तिच्या चालीवरून कळलं. ती मला शोधत होती. मी दिसले, तिचा हात वर आला, आणि मग तिला माझ्या शेजारची बाई दिसली. माझ्या शेजारी, माझ्या पेल्यातून सरबत पिणारी.

मामीने तिला घरच्या लाडाच्या नावाने हाक मारली. रेवा हलली नाही. ती मामीकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. ईशा, ती नजर कशी होती हे मी तुला सांगणार नाही. एवढंच सांगते की तीत राग नव्हता. तिला जे माहीत होतं, तेच पुन्हा घडत होतं. ओळखीचं माणूस, गोड बोलणं, आणि पलीकडे उभं असलेलं कोणीतरी.

ती वळून पुन्हा शाळेत गेली. पाठोपाठ मार्थाताई आणि पोलीस आले, मामीला चौकशीसाठी नेलं. मी वर्गाच्या दाराशी गेले, तर ती भिंतीला पाठ लावून बसली होती. मी नाव घेतलं. तिने मान फिरवली. तिला नेताना गाडीत मार्थाताईंनी सांगितलं, "काकूंनी नाही गो आणलं तिला." त्यावर ती म्हणाली, "मग तिला ठावं कसं झालं?" मार्थाताई खोटं बोलत नाहीत. त्यांनी सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी समितीने तिला दुसऱ्या जिल्ह्यातल्या होममध्ये हलवलं. कुठल्या, हे आम्हाला सांगितलं नाही आणि ते योग्यच होतं. गणित आणि विज्ञानाचे पेपर राहिले. तिचं सामान एका पिशवीत मावलं. इंग्रजीची वही ती ठेवून गेली.

मंडळीत कुजबुज झाली. कोणी म्हणालं, आपला हेतू चांगला होता. कोणी म्हणालं, ही फोनची पिढीच अशी. मला ते ऐकवेना. ईस्टरच्या आधी येणाऱ्या झावळ्यांच्या रविवारी होमच्या मुली पुढच्या बाकावर बसून झावळ्यांच्या पात्यांचे क्रूस विणत होत्या, दर वर्षी विणतात तसे. पाच जणी. साक्ष द्यायची वेळ आली तेव्हा मी उभी राहिले. आमच्याकडे साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय चांगलं केलं ते सांगतात. मी म्हटलं, "मला आज चांगलं काही सांगायचं नाही. यादी मी केली. नियम मला माहीत होता. ती माझ्याकडे नाव मागत होती, ते मी तिला वर्गात, चार भिंतींत, रोज शंभरदा हाक मारून देऊ शकले असते. मी ते फळ्यावर लावलं, कारण माझी यादी पूर्ण व्हायला हवी होती." एक लहान मूल रडायला लागलं, त्याच्या आईने त्याला बाहेर नेलं. पाळकसाहेबांनी पुढचं गीत सांगितलं. मी सेक्रेटरीपदाचा राजीनामा दिला. आजोबा त्या रात्री जेवताना यादीबद्दल काही गंमत बोलले नाहीत. पुढे कधीच बोलले नाहीत, शेवटपर्यंत.

तेव्हापासून आमच्या मंडळीत परीक्षेच्या रविवारी कोणाचंच नाव वाचत नाहीत. पाळकसाहेबांच्या, डॉक्टरांच्या मुलांचंही नाही. "आपली मुलं" एवढंच म्हणतात आणि जो कोणी परीक्षेला बसणार असेल तो पुढे येतो. नव्या लोकांना हे कोरडं वाटतं. मागच्या वर्षी एक आई तक्रार करत होती, "आमच्या बाळ्याचं नाव घ्यायला काय झालं?" तिला कोणी कारण सांगितलं नाही. पण होमच्या मुली त्या घोळक्यात पुढे येतात, आणि कोण कुठली हे बाकांवरून ओळखू येत नाही.

ईशा, म्हणून फोटो नाही. वर्गात तू होमबद्दल जरूर बोल. किती मुली, काय शिकतात, कोण स्वयंपाक करतं, सगळं मी तुला लिहून देईन. पण ऐकणाऱ्यांना एखादी मुलगी डोळ्यांसमोर हवी असते, तिची कहाणी हवी असते, म्हणजे त्यांना वाईट वाटतं आणि बरंही वाटतं. तो मोह मला कळतो. मी त्याच मोहाने चुकले. तुझ्या बाईंना सांग, आजीने नाव दिलं नाही.

मी पुष्कळ वेळा मनात तिला पत्र लिहिलं आहे. पाठवायला पत्ता नाही. तो मिळवायचा प्रयत्न करायचा नाही, हे मी स्वतःला बजावून ठेवलं आहे. मला फक्त एवढंच सांगायचं होतं की त्या वडाखाली मी तिचीच वाट बघत होते. पण माझ्या मनाचं ओझं उतरावं म्हणून तिला पुन्हा शोधून काढणं, हे मामीने केलं त्याहून फार वेगळं होणार नाही.

ते होऊन पाच-सहा महिने झाले होते, तेव्हा मी होमच्या पायरीवर जाऊन बसले. पुन्हा शिकवू द्या असं म्हणायला तोंड नव्हतं. मार्थाताई तांदूळ निवडत होत्या. बऱ्याच वेळाने सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "मंगळवारी या. पोरी विचारतात. आणि काकू, येताना यादीबिदी काही आणू नका हां." मी गेले. मुलींना सगळं माहीत होतं. पहिले दोन महिने त्यांनी मला काही म्हणजे काहीच सांगितलं नाही, फक्त उतारे वाचले. मला ते बरोबर वाटलं.

वर्षातून एकदा, नाताळच्या सुमाराला, मार्थाताई मला एक वाक्य सांगतात. कोणाकडून कळतं ते त्या सांगत नाहीत, मी विचारत नाही. पहिल्या वर्षी म्हणाल्या, "ती आहे." दुसऱ्या वर्षी म्हणाल्या, "परत परीक्षेला बसली, झाली पास." गेल्या नाताळात म्हणाल्या, "कामाला लागली. स्वतःच्या नावाने सही करते."

तिने मला माफ केलं की नाही, हे मला कळलेलं नाही आणि कळणार नाही. आजोबा गेले. मडमांच्या बंगल्याचं छप्पर पुन्हा गळतं आहे. होममध्ये आज आठ मुली आहेत, दोघी यंदा दहावीला बसल्या आहेत, आणि मंगळवारचा वर्ग चालू आहे.

तुमची,
आजी